कोमट पाण्यातलं औषध

११ जानेवारी

प्रिय खारू,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तुझा दादा मध्येच फोन ओढून घेतो, आणि ‘जेवलीस का, झोप होते का’ यातच तुमचा वेळ संपतो. मला माझं काही विचारताच येत नाही. म्हणून लाँड्रीच्या काउंटरमागे बसून लिहितेय. समोर एक कोट उसवून ठेवलाय. त्याच्या बाह्या एकीकडे, मी एकीकडे.

परवा या कोटाच्या बाईंनी विचारलं, “तुमची नणंद त्या प्रयोगशाळेत करते तरी काय?” मी मान ताठ करून सांगितलं, “दुधापासून औषध.” त्या हसल्या. म्हणाल्या, “मग आम्ही रोज पितो ते काय?” इतकी वर्षं झाली तुला तिथे, आणि मला दूध या शब्दापुढे एक अक्षर माहीत नाही. लाज वाटली.

तर मला नीट सांग. पुस्तकातलं नको, शिंपिणीला कळेल असं सांग. कशावर आहे ते औषध? माणसांना देतात का अजून? की उंदरांचंच चाललंय?

दादा बरा आहे. रंगखान्यातून थोडी रजा घेतलीय, साठली होती म्हणे. दिवसभर घरात असतो आणि माझ्या डब्यांना दुसऱ्याच डब्यांची झाकणं लावून ठेवतो.

उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पेटीत पत्रं भिजतात.

तुझी वहिनी


२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी आमच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. ‘मग आम्ही रोज पितो ते काय’ हे वाक्य आमच्या प्रमुख बाईंना इतकं आवडलं, की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलंय. माझ्या कामाबद्दल घरातून कोणी आजवर एवढं विचारलं नव्हतं, म्हणून हे उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

दुधात एक प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे घडी घातलेला कपडा समज. एक लांब धागा, पण त्याची घडी ठरलेली. ही घडी जरा सैल केली की आत जागा होते. त्या जागेत तेलातलं एक आम्ल, त्याला मेदाम्ल म्हणतात, जाऊन बसतं. असं जोडलेलं प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर सोडलं तर त्या मरतात, आणि शेजारच्या चांगल्या पेशी बहुतेक वाचतात. नुसतं दूध प्यायल्याने हे होत नाही, असं कोटाच्या बाईंना सांग.

गंमत आहे ती ही घडी सैल करण्यात. जुनी रीत धसमुसळी होती. आम्ल ओता, प्रथिनातलं कॅल्शियम ओरबाडून काढा, मग ते लांबलचक नळीतून गाळा. अर्ध्या मालाच्या गुठळ्या व्हायच्या. आम्ही सौम्य रीत शोधतोय. अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात मेदाम्लाचा क्षार विरघळवायचा, मग प्रथिन घालून हलक्या हाताने ढवळत राहायचं. फेस येऊ द्यायचा नाही. जोर नाही, आम्ल नाही. दोघांना आपणहून एकमेकांत बसू द्यायचं.

पहिला विचार मूत्राशयाच्या कर्करोगाचा आहे, कारण तिथे नळीने औषध थेट सोडता येतं, सबंध अंगात फिरवावं लागत नाही. दुसऱ्या एका गटाने अशाच औषधाचा थोड्या रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा गाठीचे कण लघवीवाटे बाहेर पडताना दिसले. वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

दादाला हे सगळं वाचून दाखव. त्याला सांग, मीही शेवटी रंगारीच झाले. कोमट पाणी, मीठ, आणि एकाने दुसऱ्याला धरणं. फक्त माझे हात निळे होत नाहीत.

खारू


९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझं पत्र तीनदा वाचून झालं. एकदा मी वाचलं, आणि दोनदा तुझ्या दादाने माझ्याकडून वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही म्हणाला. चष्मा डोक्यावर होता.

‘मूत्राशय’ आलं की मला थांबवायचा. “इथे परत वाच.” मग म्हणाला, “बरोबर आहे पोरीचं. उकळत्या पाण्यात घाई केली तर रंग वर वर बसतो. कोमट पाण्यात वेळ दिला तर आतपर्यंत जातो, आणि एकदा आत गेला की सुटत नाही.” त्याला फार आनंद झाला खारू. बऱ्याच दिवसांनी त्याने दाढीही केली.

आता माझं काम. लाँड्रीच्या मालकांचे एक मेहुणे आहेत, त्यांना नेमका हाच आजार निघालाय. लघवीतून रक्त जायचं. डॉक्टर म्हणतात, मूत्राशय काढून टाकू. म्हणजे आतली पिशवी काढायची आणि पोटावर बाहेर दुसरी लावायची, जन्मभर. ते गृहस्थ पन्नाशीच्या आसपास आहेत, कामावर जाणारे, चारचौघांत वावरणारे. त्यांनी हाय खाल्लीय. त्यांचं म्हणणं, तुमच्या नणंदेचं औषध उन्हाळ्यापर्यंत येणार असेल तर मी थांबतो. थांबावं का त्यांनी? तुला काय वाटतं ते लिही, मी निरोप देईन.

दादा जरा वाळलाय. त्याला शोभतं.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

जमलं! कालची घाण साफ झाली (ही आमची भाषा, चुकलेल्या प्रयोगांना आम्ही घाण म्हणतो). कोमट पाण्यातली रीत जमली. एकही गुठळी नाही. मिश्रण इतकं स्वच्छ, की प्रमुख बाईंनी कुपी खिडकीसमोर धरली तर पलीकडचं झाड सरळ दिसलं. मग आम्ही ते पेशींवर टाकलं. एका बशीत मूत्राशयाच्या गाठीच्या पेशी, दुसरीत चांगल्या. गाठीच्या गेल्या. चांगल्या तशाच पसरून बसल्या होत्या, आरामात. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मला खुर्चीसकट बाजूला सरकवलं.

प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी घरी येताना उगाचच एक थांबा आधी उतरून चालत आले.

त्या मेहुण्यांबद्दल काय सांगू? त्यांचे डॉक्टर सांगतील तेच खरं. पण आमच्या बाई काल म्हणाल्या, “बघा, थोड्याच वर्षांत मूत्राशय कापून काढणं हा रानटीपणा वाटेल लोकांना.” त्यांना सांग, चांगले दिवस येतायत. धीर सोडू नका.

दादाला पहिला पेढा तोंडी भरव. नाही, एक नको, तो वाळतोय ना, दोन भरव.

तुझी खारू


१४ मार्च

प्रिय खारू,

अभिनंदन. दादाने पत्र खिशात ठेवलंय. घडीवर फाटायला लागलंय.

मेहुण्यांना तुझ्या पत्राने फार धीर आला. ‘रानटीपणा’ हा शब्द त्यांनी डॉक्टरांनाही ऐकवला. पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळत होती, त्यांनी नको म्हणून सांगितलं. त्यांची बायको घाबरलीय. पण ते म्हणतात, औषध बनलंय, फक्त यायचं बाकी आहे.

एक विचारू? अशी थोडीशी कुपी, ओळखीत, बाहेर देता येते का? म्हणजे रीतसर यायला वेळ लागेल हे कळतं. पण घरच्या माणसासाठी म्हणून?

लवकर उत्तर दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

वहिनी


२० एप्रिल

खारू,

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. फोन केला तर ‘कामात आहे, नंतर बोलते’. तुझा आवाज मला ओळखू आला नाही. इथे मात्र तुझ्या गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातोय. ‘शेवटच्या कामात असेल, म्हणून लिहीत नाही.’

मेहुणेबिहुणे कोणी नाहीत. लाँड्रीच्या मालकांना बायकोच्या माहेरचं कोणी नाही. तो तुझा दादा आहे.

नोव्हेंबरात पहिल्यांदा रक्त गेलं. रंगखान्यात लाल रंगाचा हौद चालू होता, तर त्याला वाटलं कपड्यांवर उडालं असेल. मग परत गेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? रंगखाना म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. अशा रंगांनीही हा आजार होतो म्हणे. डिसेंबरात नळी घालून तुकडा काढून बघितला. गाठ भिंतीच्या स्नायूत शिरलीय, मूत्राशय काढा, लवकर काढा. त्याने मला शपथ घातली, खारूला कळता कामा नये, तिचं काम बिघडेल. मी म्हटलं, नाही सांगणार, पण औषधाचं विचारीन तरी. म्हणून ते कोटाच्या बाईंचं निमित्त. बाई खऱ्या आहेत, त्यांनी विचारलंही होतं, पण मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. तो तेव्हापासूनच तुझ्या औषधाच्या भरवशावर ऑपरेशन टाळत होता. मला ऐकायचं होतं, की तू म्हणशील, हे औषध अजून फार लांब आहे. आणि मग मी ते त्याला वाचून दाखवीन. तू उलटंच लिहिलंस. आणि मी, मूर्ख बाई, ते अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवलं, कारण त्याचा चेहरा उजळत होता.

काल तो रंगखान्याच्या फाटकाशी चक्कर येऊन पडला. चौघांनी उचलून घरी आणला. आज डॉक्टर माझ्यावर ओरडले. “तुम्ही घरातल्या माणसाने तरी समजावायला नको का?” आणि हा पलंगावर बसून म्हणतो, “ऑपरेशनच्या सहीची घाई नको. खारू येईल घेऊन.”

शपथ मी मोडली. तू आता काय करायचं ते कर.

वहिनी


२८ एप्रिल

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. ‘काही नाही गं, जरा अशक्तपणा’ म्हणून फोन वहिनीकडे दिलास. दुसऱ्यांदा मी ऑपरेशन हा शब्द उच्चारला तर ठेवूनच दिलास. मी लगेच निघणार होते, तिकीटही बघितलं. पण मी दारात उभी राहिले तर तू माझ्या हातांकडे बघशील, काय आणलंय ते. म्हणून आधी हे वाच, मग मी येते.

मी काही आणणार नाही.

फेब्रुवारीतली ती कुपी तुला माहीत आहे. त्यातलं अर्धं आम्ही वाळवून थंड जागी ठेवलं होतं. मार्चमध्ये परत काढलं, पाण्यात विरघळवलं, तेच स्वच्छ, तेच झाड पलीकडे दिसेल असं. पेशींवर टाकलं. गाठीच्या मेल्या. आणि चांगल्याही मेल्या, दादा. दोन्ही बशा सारख्याच झाल्या. मला वाटलं, बशांची अदलाबदल झाली. परत केलं. तेच.

ठेवल्या ठेवल्या मेदाम्ल प्रथिनातून सुटून मोकळं झालं होतं. आणि मोकळं मेदाम्ल म्हणजे साबणच. साबण गाठ ओळखत नाही, समोर येईल ती पेशी फोडतो. तू म्हणालास, एकदा आत गेलं की सुटत नाही. तुझ्या रंगाचं तसं असेल. माझं सुटतं. आणि आता मला हेही खात्रीने सांगता येत नाही, की फेब्रुवारीत जे मेलं ते औषधाने मेलं, की त्यातल्याच थोड्या मोकळ्या साबणाने.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण तुम्ही दोघं माझ्या यशावर इतके खूश होतात. मला वाटलं, दुरुस्त करते आणि मग दोन्ही एकदम सांगते. मी रोज नव्याने ढवळत होते, आणि तू तिकडे तारीख पुढे ढकलत होतास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं औषध उद्या सकाळी तयार झालं, तरी ते तुझ्यासाठी नाही. ते आतल्या अस्तरावर वर वर असलेल्या गाठींसाठी आहे. नळीने सोडलेलं पाणी अस्तराला लागतं. तुझी गाठ भिंतीच्या आत गेलीय, तिथे ते पोचतच नाही. हे मला वहिनीने ‘मेहुणे’ म्हणून विचारलं तेव्हाच लिहायला हवं होतं, की कुठल्या गाठी आणि कुठल्या नाही. मी त्याऐवजी बाईंचं एक टाळ्यांचं वाक्य लिहून पाठवलं. ते वाक्य तुझ्या खिशात आहे. ते फाडून टाक.

सही कर. मी हात जोडते.

खारू


६ मे

खारू,

वाचलं. तुझ्या वहिनीला दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः वाचलं.

तू हुशार आहेस, मी रंगखान्यातला माणूस. तरी सांगतो. तीस वर्षांत मी असा एक हौद बघितला नाही, जो पहिल्या खेपेला बरोबर उतरला. कापडाचे दहा तागे फुकट जातात, अकरावा येतो. पण तो अकरावा यायला आधीचे दहा कोणालातरी बुडवावे लागतात. मला बुडव. मी कागदावर लिहून देतो, माझ्या बहिणीचा यात काही दोष नाही. पोचत नाही म्हणतेस, पोचवून बघितलंस का कोणात? चांगल्या पेशी मरतील म्हणतेस. ऑपरेशनात काय राहणार आहेत? सगळं मूत्राशयच जाणार आहे.

तुला काय माहीत, मी कशाला घाबरतोय. मरायला नाही. रंगखान्यात पाळी सुटली की आम्ही सगळे एका नळावर उघडे होऊन अंग धुतो. मी सगळ्यांत जुना. पोरं माझी पाठ घासून देतात, मी त्यांची. तिथे मी पोटाला पिशवी लटकवून उभा राहू? सगळे तोंड फिरवतील. चांगली पोरं आहेत, हसणार नाहीत, तोंड फिरवतील. आणि घरी तुझी वहिनी. तिच्याशेजारी मी कसा झोपू? ती फुटली तर?

बारा वर्षांची होतीस, आई गेली तेव्हा. त्यानंतर मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता एक कुपी मागतोय. देणार असशील तर ये. नसशील तर येऊ नकोस.

दादा


१३ मे

दादा,

नाही देणार.

तू लिहिलंस ते मी फार वेळ घेऊन बसले. तू कागदावर लिहून देशील, मला माहीत आहे. पण तागा फुकट गेला तर तू तो कडेला टाकतोस आणि नवा घेतोस. मी तुला कुठे टाकू?

तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्याची उत्तरं माझ्याकडे आहेत. नळाचं नव्हतं. वहिनीच्या शेजारी झोपण्याचं नव्हतं. ते मला कुठल्या पुस्तकात मिळणार? म्हणून इथल्या रुग्णालयात या पिशव्या लावायला शिकवणारी एक परिचारिका आहे, तिच्याकडे गेले. तिने मला एका माणसाचा पत्ता दिला. ते तरणतलावावर पोहायला शिकवतात. साठीचे असतील. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझी परवानगी न घेता, पण तुझं नाव न सांगता.

ते हसले नाहीत. म्हणाले, “भाऊ काय करतात?”

“रंगखान्यात आहेत. सगळ्यांबरोबर नळावर अंघोळ करतात.”

“मग त्यांना माझं कळेल. मीही दिवसभर उघडाच असतो.” त्यांनी सदरा वर केला आणि दाखवलं. मी बघितलं, दादा. हातभर नाही, तळहाताएवढी आहे. खाली चपटी पिशवी, वर पट्टा. पोहताना वर घट्ट कपडा घालतात.

मी विचारलं, “फुटते का?”

“फुटली आहे. एकदा शिकवताना, पाण्यात. सगळ्या पोरांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर मी आठवडाभर घराबाहेर पडलो नाही.”

“मग?”

“मग काय, परत गेलो. तिथल्या एका बाईंनी विचारलं, बरे आहात ना. बस.”

“आणि तुमच्या पत्नी?”

“पहिलं वर्षभर मी बाहेरच्या खोलीत झोपायचो. तिला त्रास नको म्हणून. एक दिवस तिने माझी उशी उचलून आत नेली, आणि म्हणाली, आता मला त्रास होतोय.” मग म्हणाले, “भावाला खोटं सांगू नका. सवय होते असं लोक म्हणतात, मला पूर्ण झालेली नाही. मला ही पिशवी आवडत नाही. पण ती आवडायची गरज नाही, हे कळायला मला फार दिवस लागले.”

त्यांनी त्यांचा फोन नंबर दिलाय, खाली लिहिते. तुला वाटलं तर फोन कर. त्यांना अजिबात राग येणार नाही, पण सकाळी करू नकोस, ते पाण्यात असतात.

माझ्यावर रागाव. बोलू नकोस माझ्याशी. पण सही कर.

खारू


९ जून

प्रिय खारू,

झालं ऑपरेशन. तो घरी आलाय. हे पहिलं सांगितलं, आता बाकीचं.

तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. मग एका दुपारी मी लाँड्रीतून लवकर आले, तर हा फोनवर. मला बघून पाठ केली. बराच वेळ बोलत होता. एवढंच ऐकू आलं, “नाही, साबण कुठला लावता?” मग फोन ठेवून म्हणाला, “चल, कुठे सही करायची?” रुग्णालयात जाताना मात्र म्हणाला, “तिला कळव, पण बोलावू नकोस. ती आली तर मी टेबलावर जाणार नाही.” म्हणून तुला मी ये म्हटलं नाही. तू फोनवर रडलीस तेव्हा मला तसंच सांगायला हवं होतं.

डॉक्टर म्हणतात, गाठ भिंतीतून किंचित बाहेर आली होती. बाजूच्या एका ग्रंथीतही सापडली. आता सलाइनमधून जोरकस औषध द्यायचं, काही महिने. पुढे काय होईल ते स्कॅन बघून. मी विचारलं, डिसेंबरातच केलं असतं तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी म्हटलं, तरी सांगा. ते म्हणाले, “तेव्हा बरं झालं असतं.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. खोटं कशाला बोलू? तुझं ते वाक्य मला स्वयंपाक करताना ऐकू येतं. आणि माझ्यावर त्याहून जास्त. सरळ ‘दादाला कर्करोग झालाय’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर तू ते वाक्य लिहिलं नसतंस. मी शपथ पाळली आणि मेहुणे उभे केले. रागाचे वाटे करत बसलं तर संपतच नाही.

पिशवी मी बदलते. पहिल्यांदा बदलताना तो भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, “अहो शिलाईवाली आहे मी, आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्यात, तुमचीच बाकी होती.” तो हसला नाही. पण पोट सैल सोडलं त्याने, ते मला हाताला कळलं.

तुझं नाव काढत नाही. वाट बघावी लागेल.

वहिनी


२१ जून

प्रिय वहिनी,

तुझ्या रागावर मी काही म्हणणार नाही. तो माझ्याकडे राहू दे.

एक सांगायचंय. प्रमुख बाई फेब्रुवारीचा निकाल छापायला पाठवणार होत्या, मार्चचा ‘अजून तपासायचा’ म्हणून मागे ठेवून. मी बैठकीत उठून म्हटलं, दोन्ही छापा, नाहीतर माझं नाव काढा. त्या म्हणाल्या, “तू भावुक झाली आहेस. घरी आजारपण आहे, समजतं मला.” मी म्हटलं, “हो, झाले आहे. पण दोन्ही बशा मेल्या होत्या, त्या मी भावुक होण्याआधी.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “मार्चचं तू लिही. चांगलं लिही.”

लिहितेय. आता प्रत्येक वेळी मोकळं मेदाम्ल किती उरलंय ते आधी मोजतो, मगच पेशींना हात लावतो. एखादं मिश्रण महिनाभर टिकतं, मग सुटतं. परत पहिल्यापासून. पूर्वी मी ढवळताना गुणगुणायचे. आता शेजारचा मुलगा विचारतो, एवढी गप्प का.

दादाला काही सांगू नकोस. त्याला पाणी भरपूर पाज.

खारू


४ ऑगस्ट

खारू,

हे पत्र मी लिहितोय, तुझी वहिनी नाही. तिला माहीतही नाही.

दर मंगळवारी मला त्या खोलीत नेतात. ओळीने खुर्च्या, प्रत्येकाच्या वर एक बाटली टांगलेली. पहिल्या वेळी मी तोंड फिरवून बसलो. मळमळ सुरू झाली की तुझ्या नावाने बोटं मोडायचो. दिलं असतं पोरीने तर ही वेळ आली नसती. मला पटलेलं होतं, तुझं चुकीचं नव्हतं, तरी मोडायचो. करणार काय, इतका वेळ हाताला सुई लावून बसायचं तर माणसाला कोणीतरी लागतं बोटं मोडायला.

गेल्या खेपेला परिचारिकेला विचारलं, हे बाटलीत आहे ते कसलं? ती म्हणाली, जुनं औषध आहे, पुष्कळ वर्षं वापरतात. मी म्हटलं, बनवलं कोणी? तिला माहीत नव्हतं. ती दुसरीकडे गेली आणि मी थेंब बघत बसलो. मग मनात आलं, हेही कोणीतरी असंच बनवलं असणार. बिघडवत, परत करत. वर्षानुवर्षं. आणि ते बिघडलेलं होतं त्या काळात बनवणाऱ्याच्या घरातही कोणीतरी आजारी पडलं असेल, त्याने मागितलं असेल, आणि याने नाही म्हटलं असेल. म्हणून ते आज मला शिरेत घालून घेता येतंय. त्या मागणाऱ्याचं काय झालं असेल कोण जाणे.

राग पूर्ण गेला नाही. गेला म्हणालो तर तू ओळखशील. स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. तुझी वहिनी हसतमुख असते, पण परवा तिने एका गिऱ्हाइकाचा पायजमा दोन्ही पाय एकत्र शिवून टाकला.

रंगखान्यात जाऊन आलो. काम नाही करत, नुसता बसलो. पाळी सुटल्यावर पोरं नळावर गेली, मी बाकावरच बसून राहिलो. मग एकाने हाक मारली, दादा, पाठ कोण घासणार? सदरा काढायला जरा वेळ लागला मला. कोणी तोंड फिरवलं नाही, असं नाही. दोघांनी फिरवलं. ज्याने हाक मारली होती, त्याने पाठ घासायचा दगड माझ्या हातात दिला.

त्या सलाइनच्या खोलीत प्रत्येक रुग्णाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची असते, सोबत आलेल्या माणसासाठी. फार कडक आहे. तुझी वहिनी इतके मंगळवार त्या खुर्चीवर बसली, की तिची कंबर धरलीय. काही बोलत नाही, पण उठताना माझ्या बाटलीच्या खांबाला धरून उठते. लाँड्रीतही काम साठलंय तिचं.

येत्या मंगळवारी ती खुर्ची तू घे.

दादा